पन्नास ओहमच्या आसपास

१
वायर दीड एमएमची, घराच्या वायरिंगमधून उरलेली. दोरी कपडे वाळत घालायची. मधला इन्सुलेटर म्हणजे पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा. केबल मित्राची, परत देण्याच्या बोलीवर. अँटेनाचा एकूण खर्च चहा धरून एकशेऐंशी रुपये. ती चालते की नाही हे सांगणारं यंत्र साडेचार हजारांचं.

२
तारेच्या लांबीचं सूत्र पाठ असतं. १४२.५ भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर मीटरमध्ये. ७.१ साठी वीस मीटर सात सेंटीमीटर. मोजून कापली, ताणली. जुळली ६.९ ला. सूत्र उघड्या तांब्याच्या तारेसाठी आहे. माझ्या तारेला लाल पीव्हीसीचा अंगरखा, त्यामुळे ती रेडिओच्या हिशेबात जरा लांब भरते. दोन्ही टोकांना तीस-तीस सेंटीमीटर कमी केल्यावर जागेवर आली.

कापायची नसते, टोक मागे दुमडून पिळायची असते, हे कापल्यावर कळलं.

३
आमच्या हौशी रेडिओवाल्यांतले ज्येष्ठ, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांची पद्धत: रात्री गच्चीतले दिवे बंद करायचे, जुनी ट्यूबलाइट हातात धरून अँटेनाच्या टोकापाशी जायचं, खाली मुलगा बटण दाबणार. ट्यूब कुठे जोडलेली नाही, तरी उजळते. दोन्ही टोकांना सारखी उजळली की काम झालं. टोकाला दाब जास्त, मध्ये प्रवाह जास्त, हे पुस्तकात वाचलं होतं. अण्णांकडे दिसलं.

आता घरोघरी एलईडीच्या ट्यूब आल्या. त्या उजळत नाहीत. उलट त्यांचाच आवाज रिसीव्हरमध्ये येतो.

४
पुण्यात पासोड्या विठोबाजवळचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान.
"एसएमए कनेक्टर आहे का?"
"मेल का फीमेल?"
"मेल."
"आत पिन का भोक?"
"पिन."
"मग नुसतं मेल म्हणू नका साहेब. आरपीवाल्या मेलला भोक असतं."
मागे उभ्या बाई मुलाला घेऊन बाजूच्या दुकानात गेल्या.

५
एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेना केबलशी किती जुळते त्याचा आकडा. ३ म्हणजे पाठवलेल्या शक्तीपैकी २५ टक्के परत. २ म्हणजे ११ टक्के. दीड म्हणजे ४.

या चार टक्क्यांसाठी काल सहा वेळा चार जिने चढलो.

६
डमी लोड, म्हणजे अँटेनाच्या जागी लावायचा पन्नास ओहमचा भार, घरी करता येतो. एक किलोओहमचे, दोन वॉटचे, कार्बन फिल्मचे वीस रेझिस्टर समांतर जोडायचे. वीस गुणिले दोन, चाळीस वॉट. हजार भागिले वीस, पन्नास ओहम. दोन तांब्याच्या पट्ट्या, वीस बारीक डाग, एक एसओ-२३९ सॉकेट. वायर गुंडाळलेले रेझिस्टर चालत नाहीत. ते कॉइलसारखे वागतात. साठ वॉटचा जुना बल्बही चालत नाही. थंड असताना साठ-सत्तर ओहमचा असतो, तापला की नऊशेच्या घरात जातो. शिवाय तो अँटेनाचंही काम थोडंफार करतो. बल्बावर 'चाचणी' घेणाऱ्यांना पलीकडच्या पेठेतून उत्तर आल्याच्या गोष्टी आहेत.

घरातली सर्वांत उत्तम एसडब्ल्यूआर याच डब्याची. १.०५. गच्चीतल्या कोणत्याही तारेला ती कधी मिळणार नाही.

७
जुन्या बाजारात एकाकडे एसडब्ल्यूआर मीटर दिसला, दोन काट्यांचा, झळझळीत. चारशे म्हणाला, दीडशेत दिला. घरी आणून डमी लोडवर लावला: सात मेगाहर्ट्झला १.०, एकवीसला १.०, दोन मीटरच्या बँडवर २.४. डमी तोच. मागचं झाकण काढल्यावर आत लिहिलेलं सापडलं: २६ ते ३० मेगाहर्ट्झ. ट्रकवाल्यांच्या सीबी रेडिओचा मीटर. सत्तावीसच्या बाहेर तो जे सांगतो त्याला त्याचा नाइलाज आहे.

मीटर घेताना डमी लोड पिशवीत असावा. आता असतो.

८
एका मित्राने १४५ मेगाहर्ट्झची अँटेना चांगल्या उंचीवर लावली. खाली यायला तीस मीटर आरजी-५८, ती बारीक काळी केबल, कारण स्वस्त. एसडब्ल्यूआर १.२. खूश. मेच्या वळवात अँटेना कनेक्टरमधून निसटून शेजारच्या पत्र्यावर पडली. त्याने मीटर लावला. १.७.

"दोनच्या आत आहे की अजून!"

या फ्रिक्वेन्सीला तीस मीटर आरजी-५८ मध्ये जाताना साधारण पाऊण शक्ती केबलच खाते. उरलेली पाव मोकळ्या टोकावर आपटून परत निघते, तिच्यातलीही पाऊण वाटेत खपते. मीटरपर्यंत पोचतं ते इतकं थोडं, की त्याला वाटतं वर सगळं आलबेल आहे.

तेव्हापासून मी वर जाऊनही मोजतो, नुसतं केबलच्या खालच्या टोकाला नाही.

९
नॅनोव्हीएनए, ते साडेचार हजारांचं यंत्र. 'एडी५५५' या टोपणनावाने काम करणाऱ्या एका जपानी हौशी माणसाने आराखडा केला आणि खुला ठेवला. २०१९ मध्ये चीनमध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली आणि मग ढिगाने निघू लागली. पत्त्यांच्या कॅटएवढा. आत तीन मिक्सर, एक घड्याळाची चिप, एक मायक्रोकंट्रोलर. मूळ सिग्नल ३०० मेगाहर्ट्झपर्यंतच. त्यापुढे हार्मोनिकवर भागवतो, म्हणून वर गेल्यावर रेघ थरथरते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हेच मोजणारं यंत्र प्रयोगशाळेत टेबल अडवून बसलेलं असे आणि त्याला हात लावायला सही लागे.

याच्यासोबत स्क्रीनवर टोचायला गिटारची पिक येते. घरात गिटार नाही. पिक तीनदा हरवली, तीनदा मुलीच्या कंपासमध्ये सापडली.

१०
चीनच्या नकलेचीही नक्कल असते. काहींत सर्किटवरची पत्र्याची झाकणं गायब. काहींत बॅटरी नावाला. दोन्ही बाहेरून तंतोतंत सारखे, फरक पाच-सातशे रुपयांचा. विकणाऱ्याला एवढंच विचारायचं: आतला फोटो आहे का? ज्याच्याकडे नाही त्याच्याकडे झाकणही नाही, असं मी धरून चालतो.

११
मोजायला लागायच्या आधी नॅनोला तीन गोष्टी दाखवायच्या: मोकळं टोक, शॉर्ट केलेलं टोक, पन्नास ओहम. ओपन, शॉर्ट, लोड. तो म्हणतो, बरं, समजलं. त्यानंतरचं सगळं या तिन्हींच्या तुलनेत.

लोडचं ते बोटाच्या पेराएवढं टोपण महिनाभर सापडत नव्हतं. त्या महिन्यात दुसरंच एक टोपण लावून काम चालवलं. सगळ्या अँटेना एकदम चांगल्या आल्या. मल्टिमीटरने ते टोपण मोजलं तेव्हा ७५ ओहम. टीव्हीच्या केबलचं होतं.

१२
स्मिथ चार्ट १९३९ मध्ये छापला गेला, बेल लॅबच्या फिलिप स्मिथने. जपानमध्ये मिझुहाशीने तसाच काही १९३७ मध्ये मांडला होता. एक मोठं वर्तुळ, आत एकाच बिंदूत चिकटलेली लहानमोठी वर्तुळं, त्यांना छेदणारे कंस. वरचा अर्धा भाग कॉइलसारखं वागणाऱ्यांचा, खालचा कपॅसिटरसारखं वागणाऱ्यांचा. मधला ठिपका म्हणजे पन्नास ओहम.

शेजारच्या काकूंनी गच्चीवर नॅनोच्या स्क्रीनवर तो बघितला. "कुणाची पत्रिका?"
"अँटेनाची."
"जुळतीये का?"
"खालच्या घरात आहे. तार थोडी लांब केली की मध्ये येईल."
"मंगळ असेल," म्हणाल्या आणि पापड उलटायला गेल्या.

१३
१८९० च्या दशकात कोलकात्यात जगदीशचंद्र बोस मिलिमीटर लहरींवर काम करत होते. ध्रुवण दाखवायला त्यांनी ब्रॅडशॉचं रेल्वे वेळापत्रक घेतलं आणि पानापानांत कथलाचे वर्ख घातले. पिळलेला तागही वापरला. शिंगाच्या आकाराच्या ज्या नळीला आज हॉर्न अँटेना म्हणतात ती त्यांच्याकडे होती.

माझ्याकडे रेल्वेचं जुनं वेळापत्रक आहे. अजून काही मोजलेलं नाही.

१४
फील्ड स्ट्रेंग्थ मीटर: रद्दीतल्या ट्रान्झिस्टरची दुर्बिणीसारखी ओढायची अँटेना, एक ओए-७९ डायोड, एक छोटा कपॅसिटर, आणि मोडक्या टेपडेकचा काट्याचा मीटर. बॅटरी नाही, स्विच नाही. तीस रुपयांचा मीटर सोडला तर बाकी सगळं घरातलं.

तो आकडे सांगत नाही. मगापेक्षा जास्त की कमी, एवढंच सांगतो. अँटेना फिरवून तिची तोंडाची बाजू कुठली ते याच्यावर कळतं. साडेचार हजारांच्या यंत्रावर ते अजिबात कळत नाही.

टेपडेकच्या त्या मीटरवर इंग्रजीत 'व्हीयू' छापलेलं. भारतातल्या हौशी रेडिओवाल्यांची ओळखसंज्ञाही व्हीयूनेच सुरू होते. अण्णा म्हणाले, "परवाना लागला म्हणायचा मीटरला."

१५
हैदराबादच्या अशर फरहान यांनी बीआयटीएक्स हा ट्रान्सीव्हर आपल्या बाजारात मिळेल त्या सामानातून बेतला. टोरॉइड मिळत नाही? नळाच्या वॉशरवर कॉइल गुंडाळा. टीव्हीचा बलून फोडा. पुढे त्यांनीच अँट्युइनो केला: आर्डुइनो नॅनोवर चालणारा, अँटेना मोजणारा डबा.

नळाच्या वॉशरचं पाकीट आणायला गेलो. दुकानदार म्हणाला, "कुठला नळ गळतोय?"

१६
उभी अँटेना, लहरीच्या पाव लांबीची, गच्चीच्या कोपऱ्यात. पायाशी जमिनीच्या चार तारा पसरलेल्या. एसडब्ल्यूआर १.१. लोकांना फोटो पाठवले.

मग आणखी बारा तारा पसरल्या, एक अख्खा रविवार. एसडब्ल्यूआर १.३५.

फोन केला तर अण्णा हसायला लागले. पाव लांबीच्या उभ्या अँटेनाचे आपले स्वतःचे ओहम छत्तीसच्या आसपास. आधी जे पन्नासच्या जवळ भरत होतं त्यात चौदा ओहम गच्चीच्या काँक्रिटचे होते. मी काँक्रिट तापवत होतो. ते कमी झालं आणि मीटर नाराज झाला.

त्याच संध्याकाळी नाशिकच्या मित्राने आपणहून विचारलं, "आज काय केलंस? जरा वर आलायस."

१७
वॉल्टर मॅक्सवेल हा अमेरिकन अभियंता १९७३ पासून एका हौशी रेडिओ मासिकात लेखमाला लिहून सांगत होता, की एसडब्ल्यूआर जास्त म्हणजे शक्ती वाया गेली असं नव्हे. केबलमध्ये किती खपते ते बघा. पन्नास वर्षं झाली. आमच्या ग्रुपवर आजही पहिला प्रश्न: एसडब्ल्यूआर किती?

१८
मोजताना केबल हातात धरली. आकडा हलला. सोडली, परत आला. पुन्हा धरली, पुन्हा हलला. म्हणजे केबलचं बाहेरचं जाळीदार अंगही अँटेना झालं आहे आणि मी त्याचा भाग.

अँटेनाच्या तोंडाशी केबलचे दहा-बारा वेढे, किंवा जुन्या मॉनिटरच्या वायरीवरचे ते काळे फेराइटचे गठ्ठे. आता धरली तरी आकडा जागचा हलत नाही. ही चाचणी फुकट आहे, हात असला की झालं.

१९
माझी स्वतःची चूक, लिहून ठेवतो.

केबलचा दोन बाजूंचा स्विच केला: एकीकडे रेडिओ, एकीकडे नॅनो. उठबस नको म्हणून. जेवायला बोलावलं, उठलो, परत आलो, आणि स्विच कुठे आहे ते न बघता बटण दाबलं. स्वस्तातल्या स्विचमधून दुसऱ्या बाजूलाही थोडं झिरपतं, हे माहीत नव्हतं. रेडिओ पन्नास वॉटचा. नॅनोला सोसतं ते मिलिवॉटमध्ये. धूर नाही, वास नाही. नुसती रेघ सपाट झाली, स्क्रीनच्या वरच्या कडेला चिकटून. पहिल्यांदा वाटलं केबल निघाली असेल. केबल जागेवर होती.

स्विच अडीचशेचा होता.

२०
दुसरा नॅनो घेतला. आता नियम: मोजायचं तेव्हा रेडिओची वीजच बंद. आणि लांब तार यंत्राला लावायच्या आधी एकदा जमिनीच्या तारेला टेकवायची. वैशाखात ढग जमून आलेले असताना नुसत्या लोंबत्या तारेवर इतका भार साठतो, की टेकवताना चट् असा आवाज येतो. तो आवाज यंत्रात व्हायला नको.

ढग गडगडायला लागले तर गच्चीवरच जायचं नाही. मोजायचं काम उद्याही असतं.

२१
कॉलेजातला एक मुलगा आला. परीक्षा दिली आहे, परवाना यायचा आहे.
"काका, तोपर्यंत काय घेऊ?"
"कान."
"म्हणजे?"
टीव्ही बघायच्या डोंगलला २०१२ च्या सुमारास लोकांनी रेडिओ रिसीव्हर करून टाकलं, आरटीएल-एसडीआर म्हणतात ते. तो घे. दोन अँटेना कर, एकेक लावून तेच स्टेशन ऐक, पडद्यावर उंची बघ. प्रक्षेपण न करता जेवढं शिकता येतं तेवढं शिक.
"पण एसडब्ल्यूआर?"

२२
केबलमध्ये दोष कुठे आहे तेही नॅनो सांगतो, अंतरासकट. माझी केबल अठरा मीटरची. यंत्र म्हणालं, दोष २१ मीटरवर. खिडकीबाहेर डोकावून बघितलं. तिथे शेजाऱ्यांचा एसी.

केबलमध्ये सिग्नल हवेतल्यासारखा पळत नाही, दोनतृतीयांश वेगाने जातो. तो आकडा, ०.६६, भरायचा राहिला होता. भरल्यावर दोष चौदा मीटरवर आला. बरोबर तिथे खिडकीचं सरकतं दार बंद होतं. तीन वर्षं रोज रात्री आम्ही ते दार ओढून केबल चेपत होतो.

२३
ऑस्ट्रेलियाने भारताला सहा फुटी तबकड्या दिल्या, ३२. काही वर्षं त्या दिल्लीत पडून होत्या. १९६५ मध्ये गोविंद स्वरूप आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी त्या कल्याणला आणून उभ्या केल्या आणि ६१० मेगाहर्ट्झवर सूर्य बघितला. भारतातल्या सुरुवातीच्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक, जुन्या सामानाची.

कल्याणला उतरून कुणाला विचारलं तर जागा सांगता येणार नाही. मी दोघांना विचारलं. एकाने टाटा स्कायचं ऑफिस दाखवलं.

२४
१८८८ मध्ये अर्न्स्ट लेखरने दोन समांतर तारा ताणून लहरीची लांबी मोजली. मला करून बघायचं होतं. १४५ मेगाहर्ट्झ, लाकडी फळीवर दोन तारा, टॉर्चचा बल्ब सरकवत न्यायचा. बल्ब एका जागी पेटतो, विझतो, पुढे परत पेटतो. दोन पेटण्यांमध्ये शिंप्याची टेप लावली: एकशे तीन सेंटीमीटर. दुप्पट केलं की दोन मीटर सहा सेंटीमीटर. दोन मीटरच्या बँडला दोन मीटर का म्हणतात ते वीस वर्षांनी बोटांना कळलं.

बल्ब १२ रुपये. टेप बायकोची, जागेवर ठेवली.

२५
सेक्रेटरी: "या तारेने कॅन्सर होतो म्हणतात."
मी: "वर मोबाइलचा टॉवर आहे आपल्याच गच्चीवर."
सेक्रेटरी: "त्याचं भाडं येतं."

२६
पावसाळा. कनेक्टरवर आधी इन्सुलेशन टेप, वर एम-सील. तरी ऑगस्टमध्ये रेझोनन्स घसरला आणि एसडब्ल्यूआरच्या आलेखातल्या दरीचा तळ रुंद झाला. रुंद तळ बघून नवखा माणूस खूश होतो: किती बँड मिळाला! केबल सोलली तर आतली जाळी काळी पडलेली, दोन वीत आतपर्यंत. पाणी कनेक्टरमधून नाही, मध्येच एका चिरेतून शिरलं होतं. मुंग्या आधी पोचल्या होत्या.

दर वर्षी दसऱ्याला शस्त्रपूजेत पक्कड, सोल्डरिंग आयर्न आणि नॅनो. केबलला कुणी फूल वाहत नाही.

२७
डब्ल्यूएसपीआर नावाची एक पद्धत आहे. दोन मिनिटांचा एक क्षीण संदेश, त्यात ओळखसंज्ञा, ठिकाण आणि शक्ती, एवढंच. जगभरचे रिसीव्हर ऐकतात आणि कुणी किती ऐकलं ते नकाशावर येतं. पाचवा भाग वॉट सोडायचा, झोपायचं, सकाळी बघायचं तार कुठपर्यंत पोचली. आज एक अँटेना, उद्या दुसरी.

लिहिली जो टेलरने. त्याला १९९३ चं नोबेल मिळालं होतं, जोड-पल्सारसाठी.

परवा रात्री माझी तार पर्थला ऐकू आली. एकशेऐंशी रुपयांची.

२८
रेडिओवर:
"तुमचा सिग्नल फाइव्ह नाइन, एकदम कडक, शंभर टक्के. आपलं नाव काय म्हणालात? परत सांगा. परत सांगा."

२९
नारायणगावजवळ खोडद. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण. चौदा मध्यभागी चौरस किलोमीटरभरात, बाकीच्या तीन हातांवर पसरलेल्या, २५ किलोमीटरपर्यंत. पत्रा नाही. स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी, दोरखंडांनी ताणून वक्र केलेली. वारा आरपार जातो म्हणून हलकी, हलकी म्हणून स्वस्त. पुन्हा गोविंद स्वरूपच.

तबकडी जवळून बघितली तर तिच्यातून आकाशच दिसतं.

गेटवर मोबाइल बंद करायला सांगतात. घरची सहल होती. मुलीने विचारलं, "बाबा, याची एसडब्ल्यूआर किती?" तिथल्या माणसाने मान वळवून बघितलं.

३०
खिशात काय असावं असं लोक विचारतात. माझ्या पिशवीत सध्या: नॅनो, त्याची तीन टोपणं (टाचणीच्या डबीत), डमी लोड, शिंप्याची टेप (नवी), पाच प्रकारचे जोड. नॅनोपेक्षा जोडांवर जास्त खर्च झाला आहे, हिशेब मुद्दाम केलेला नाही. आणि तो तीस रुपयांचा काटा. तो सर्वांत जास्त निघतो.

स्पेक्ट्रम बघणारा टायनीएसए घ्यायचा आहे. गेल्या दोन दिवाळ्या घ्यायचा आहे.

३१
रविवारी सकाळी रेझोनन्स ७.१० होता. दुपारी ७.०४. तार तीच, ताण तोच, पाऊस नाही. केबल तपासली, जोड तपासले, टोपणं पुन्हा लावून यंत्राला सगळं पहिल्यापासून शिकवलं. ७.०४.

गच्चीवर गेलो. पूर्वेच्या टोकाला, 'हात लावू नये' लिहिलेल्या पाटीला लागून, तारेवर एक ओला टॉवेल.

काढला नाही. दर पंधरा मिनिटांनी मोजत बसलो. ७.०५, ७.०६, ७.०८. साडेचारला ७.१० आणि टॉवेल वाळलेला.

घडी करून कठड्यावर ठेवला. कुणाचा ते अजून कळलेलं नाही.